राहून गेलेलं आवतण

कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये मी ब्लॉगवर अकरा लेख लिहिले. लिहायचे बारा होते. मराठीच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की यंदा वहीत निबंध लिहून आणायचे नाहीत, प्रत्येकाने मोबाइलवर स्वतःचा ब्लॉग काढायचा, आठवड्याला एक लेख टाकायचा आणि त्यावरच अंतर्गत गुण मिळतील. बारावा लेख मी टाकलाच नाही, त्याचे गुण गेले. त्याचं फार वाईट वाटलं नाही. सातवा लेख टाकला, त्याचं मात्र अजून वाटतं.

हे मी दोन्ही घरी विचारून लिहिते आहे. एक आमचं घर आणि दुसरं मोठ्या बाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचं. मोठ्या बाबांची एकच अट होती, नावं नकोत. या दोन घरांचं बोलणं सात वर्षं बंद होतं. ते का बंद झालं, हे दोन्ही घरांत कुणालाच नीट माहीत नव्हतं. मला एकटीला माहीत होतं, कारण ते माझ्यामुळे झालं होतं.

मी वरवट बकालची. बारावीपर्यंत गावातून ये-जा करून शिकले, मग बुलढाण्याला आले. नांदुऱ्याला गाडी बदलायची, मोताळा गेलं की घाट लागतो, घाट चढताना कान गच्च होतात आणि वर पोचलं की ऑगस्टातसुद्धा स्वेटर अंगात घालावा लागतो. पहिल्या दिवशी वर्गात ओळख करून द्यायची होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मले वाचाले आवडते." मागच्या बाकांवर हशा पिकला. मला राग आला, आणि माझा राग तसा लवकर जात नाही. सहा आठवड्यांत मी माझी भाषा अशी काही घासूनपुसून घेतली की नव्या शिक्षकांना मी कुठली हे सांगावं लागायचं. घरून फोन आला की मात्र 'मले-तुले' आपोआप सुरू. माझी रूममेट सिंदखेडराजाकडची. ती म्हणायची, "तुह्या तोंडात दोन सिमकार्डं आहेत."

ब्लॉगचे पहिले चार लेख आज वाचवत नाहीत. एक धुक्यावर, एक माझ्या ध्येयावर, एक आईवर, एक पुन्हा धुक्यावर. वाचणारे तिघं, त्यातली एक मी. पाचव्या लेखात काय लिहावं सुचेना म्हणून आमच्याकडच्या एका लग्नातले रुसवेफुगवे लिहिले. टोपी आधी कुणाच्या डोक्यावर ठेवली, कुणाला टॉवेल मिळाला नाही, असलं. तो लेख वर्गाच्या ग्रुपवर फिरला. ज्यांनी माझ्या 'मले'ला हसून घेतलं होतं तेच आता लेख वाचून हसत होते, आणि हे हसणं मला आवडलं. गावातली माणसं खुळी दाखवली आणि आपण थोडं लांब उभं राहिलं की लेख जमतो, हे मला कळलं. सहावा तसाच लिहिला. सातव्याला रोडग्यांची गोष्ट काढली.

आमच्याकडे काही चांगलं झालं की वावरात, म्हणजे शेतात, रोडगे करतात. कणकेचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरण आणि वरून तूप. जेवायला बोलावणं म्हणजे आवतण, आणि आवतण दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' असेल तर त्या घरातून एका माणसाने यायचं. 'चूलबंद' असेल तर त्या घरात त्या वेळी चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. आवतण दारात जाऊन, घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं असतं. रस्त्यावरून हाळी दिलेली चालत नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक झाला की पुन्हा बोलवायला जायचं. आणि आवतण आलं नाही, तर का आलं नाही, हे कधीच विचारायचं नसतं. विचारलं की आपण जेवणावर टपलेले ठरतो.

मी सहावीत होते तेव्हा आमच्या वावरात बोअरला पाणी लागलं. बोअर धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत होती. धुऱ्याच्या पलीकडे मोठ्या बाबांचं वावर. जागा निवडताना दोघा भावांत थोडं खटकलं होतं, पण पाणी लागल्यावर मोठे बाबा स्वतः येऊन ओंजळभर पिऊन गेले. बाबांनी रोडगे करायचं ठरवलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, "गल्लीत घरटी एक सांग. अन् मोठ्या बाबाच्या घरी चूलबंद."

गल्लीतली सगळी घरं मी केली. मोठ्या बाबांचं घर मारुतीच्या देवळापलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. देवळापुढे मैत्रिणी लंगडी खेळत होत्या आणि त्यांना एक गडी कमी पडत होता. मी खेळायला लागले. अंधार पडायला आला तेव्हा मनाशी म्हटलं, घरच्याच माणसांना कशाला आवतण, ते तर येतीलच. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, रोज आमच्याकडून ताक न्यायची. घरी जाऊन मी सांगितलं, "दिलं सगळ्याइले."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचं काम ट्रॅक्टरने केलं. ट्रॉली देवळापुढे उभी करून हॉर्न वाजवला, ज्यांना आवतण होतं ते येऊन बसले. मोठ्या बाबांच्या घरातून कुणी आलं नाही. वावरात बाबांनी वाट पाहिली. मग कुणीतरी सांगितलं की ते सगळे घरीच आहेत. बाबांचं तोंड उतरलं. चूलबंद सांगूनही सख्खा भाऊ येत नाही, म्हणजे बोअरचा राग अजून पोटात आहे, असं त्यांनी धरलं. तिकडे मोठ्या बाबांनी धरलं की सगळी गल्ली जेवली आणि धाकट्याला आपणच नकोसे झालो. विचारायचं नसतं म्हणून कुणी विचारलं नाही. मोठी आई ताकाला यायची बंद झाली. मी तेव्हा बोलले असते तर फार तर दोन थपडा बसल्या असत्या. आधी त्या थपडांची भीती वाटली, नंतर नंतर गोष्ट इतकी मोठी झाली की तिच्यापुढे उभं राहायचीच भीती वाटायला लागली.

ब्लॉगवर मी हे सगळं लिहिलं आणि झकास लिहिलं. दोन भाऊ, एक बोअर, ट्रॉलीचा हॉर्न, ताकाचा रिकामा तांब्या. बाबांची तोंड वाकडं करायची लकबसुद्धा सोडली नाही. आणि गोष्ट जिथे अडते तिथे लिहिलं, की गडबडीत आवतण त्या घरी पोचलंच नाही. एवढं लिहून मी मोकळी झाले.

मॅडमनी तो लेख वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. ग्रामीण समाजातला अहंकार किती नेमका पकडला आहे, असं म्हणाल्या. मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. त्या दिवशी मी मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. संध्याकाळी रूममेट पलंगावर पडून मोबाइलवर तोच लेख वाचत होती. तिच्याकडेही चूलबंद असतंच. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "मंग आवतण द्यायला कोण गेलतं?"

वर्गातल्या साठ जणांना हा प्रश्न पडला नव्हता. मॅडमनाही नाही. आवतण पायांनी चालत नाही, कुणीतरी ते घेऊन जातं, हे ज्यांच्याकडे आवतण देतात त्यांनाच माहीत. मी म्हटलं, "काय माहीत, असेल कुणीतरी." तिने माझ्याकडे पाहिलं, मोबाइल चार्जिंगला लावला आणि कपडे वाळत घालायला गेली. पुढे सेमिस्टर संपेपर्यंत तिने तो विषय काढला नाही. काढला असता तर मला बरं झालं असतं.

चार दिवसांनी मोठ्या बाबांच्या मुलीचा मेसेज आला. ती बारावीला होती. घरांचं बोलणं बंद असलं तरी आम्ही दोघी मोबाइलवर बोलायचो, मोठ्यांपासून लपवून. तिने लिहिलं होतं, "ताई, हे आमचंच लिवलं ना?" मी हो म्हटलं. मग तिचा दुसरा मेसेज आला, "आईले वाचून दाखवलं." आई काय म्हणाली, असं मी विचारलं. उत्तर आलं, "काई नाई. पोरगी चांगली लिवते म्हणे."

मोठ्या आईने शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. मला भांडता चांगलं येतं. पण ती चांगलं लिहिते म्हणाली, आणि मला लाज वाटली. तशी लाज मला सात वर्षांत वाटली नव्हती. सहावीतली पोर खेळात विसरली, हे एक. अठराव्या वर्षी मी त्याच माणसांचं चार लोकांपुढे हसं केलं आणि स्वतः टाळ्या घेतल्या, हे दुसरं, आणि याला लंगडीचं निमित्त नव्हतं.

पुढचे चार लेख मेसच्या पोह्यांवर, लायब्ररीतल्या पंख्यावर, सकाळच्या थंड पाण्यावर आणि मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी गाडीत मांडीवर येऊन बसणाऱ्या पिशव्यांवर लिहिले. त्यांत माणसं जवळजवळ नव्हतीच. बाराव्या लेखात मी खरं काय ते लिहायला घेतलं. तीन दिवस लिहीत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की 'अपराधी' बरं दिसेल की 'गुन्हेगार', याचा मी अर्धा तास विचार करते आहे. हा लेख टाकला तर मॅडम पुन्हा वर्गात वाचतील, प्रामाणिकपणाचं कौतुक होईल, टाळ्या येतील, आणि मोठ्या आईला ते पुन्हा पोरीकडून ऐकावं लागेल. आमच्या गावात हल्ली लग्नाच्या पत्रिका मोबाइलवर येतात. लोक त्या पाहतात आणि म्हणतात, "पत्रिका आली, पण दारात कोणी आलंच नाई." मग जातही नाहीत. मीही दारात न जाता मोबाइलवरूनच सांगायला निघाले होते. लेख पुसून टाकला आणि दिवाळीच्या सुट्टीला घरी गेले.

पहिले दोन दिवस तसेच गेले. फराळाला मदत केली, सोयाबीन निघालेल्या रिकाम्या वावरात चक्कर मारून आले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात फवारणीचा पंप उघडून बसले होते. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी बाबांसमोर जाऊन बसले.

"बाबा, तुमाले एक सांगायचं हाये. बोअरच्या रोडग्याच्या टायमाले मोठ्या बाबाच्या घरी मी आवतण दिलंच नव्हतं."

"काय?"

"गेलीच नाई मी. देवळापाशी खेळत राह्यली. अन् तुमाले खोटं सांगितलं."

बाबांच्या हातात पंपाचा वायसर होता. तो त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग एकदम ओरडले, "सात वर्सं! सात वर्सं मी त्याले शिव्या देऊन राह्यलो!" पंपाची दांडी भिंतीवर आदळली. मला वाटलं आता मारतात, आणि खरं सांगते, मारलं असतं तर हायसं वाटलं असतं. पण ते उठून गोठ्याकडे निघून गेले. आई म्हणाली, "काऊन बोलली नाई व इतके दिवस?" ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली, पण खडे टाकायचे सोडून तांदूळच टाकत होती.

बाबा तासाभराने आले. आईकडे पाहून म्हणाले, "उद्या रोडगे करू." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जाय. राह्यलं ते दे."

आईने मागून सांगितलं, "अन् उंबऱ्याच्या आत जाऊन दे ह्या खेपेले."

देवळापलीकडचा तो रस्ता मी सात वर्षांत कितीदा तरी चालले असेन, पण त्या दारासमोर पाय नेहमी भरभर उचलायचे. त्या दिवशी दार उघडं होतं. मोठी आई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. आतून टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज येत होता, म्हणजे मोठे बाबा आत होते. मला पाहून ती म्हणाली, "आली का व, लिहिणारी माणसं."

मी उंबरा ओलांडला आणि उभ्यानेच सांगून टाकलं. "मोठी आई, त्या टायमाले बाबांनी मले तुमच्या घरी आवतण द्यायले धाडलं होतं. मी आलीच नाई. खेळत बसली. बाबांची काई चूक नाई. लेखात मी हे लिवलं नाई."

तिचे हात थांबले. आतला टीव्हीचा आवाज कमी झाला. तिने एकच विचारलं, "चूलबंद सांगितलं होतं?"

"हाव. चूलबंदच."

मोठ्या आईने शेंगांचं सूप पुन्हा जवळ ओढलं. मग म्हणाली, "मले वाटलंच होतं. म्हून त्या दिवशी मी चूल पेटवलीच नव्हती."

मला आधी कळलं नाही. मग ती सांगत गेली, शेंगा फोडत, आवाज न चढवता. "पाणी लागलं धाकल्याले, रोडगे करून राह्यला, आपल्याले चूलबंदच सांगीन म्हटलं. आदल्या दिवशी कोणी आलं नाई. म्हटलं, सकाळी येईन. सकाळी पोराइले मुरमुरे देल्ले. टॅक्टर गेला हारन वाजवत. तुहे मोठे बाबा म्हणे, पेटव आता. मी म्हटलं, थांबा, येईन कोणी. चार वाजेलोग थांबली. मंग खिचडी टाकली."

बाबांचा राग, मोठ्या बाबांचा राग, बोअर, धुरा, सगळं मी लेखात लिहिलं होतं. पेटवायची थांबवून ठेवलेली ती चूल मला माहीतच नव्हती. तिथे उभ्या उभ्या मला रडू आलं. मोठी आई म्हणाली, "रडू नोको व. आवतण द्यायले आली ना? दे मंग. मले काम पडलं हाये."

मी डोळे पुसले आणि रीतीने सांगितलं, "उद्या दुपारी वावरात रोडगे हायेत. चूलबंद आवतण हाये."

"आइकलं," ती म्हणाली. "येणं न येणं तुहे मोठे बाबा ठरवतीन." थोडं थांबून मी निघाले. दारातून बाहेर पडते न पडते तो आत बातम्या पुन्हा मोठ्याने सुरू झाल्या.

घरी येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. बाबा हं म्हणाले. पण रात्री जेवताना त्यांनी आईला दोनदा विचारलं, कणीक किती भिजवायची, आणि दोन्ही वेळा मोठ्या बाबांच्या घरची पाच माणसं धरून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आईबाबा सकाळीच वावरात गेले. विस्तव पडला, रोडगे घातले, असा फोन आला की मी मोठ्या बाबांच्या घरी बोलवायला जायचं, असं ठरलं होतं. या खेपेला ट्रॅक्टर नको, असं मीच म्हटलं होतं. हल्ली दोन्ही घरी गॅस आहे, त्यामुळे कुणाची चूल पेटली आणि कुणाची नाही हे धुरावरून कळायला मार्ग नाही. फोन आला तशी मी निघाले. देवळापुढे पोरी खेळत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मोठ्या बाबांच्या दाराला कुलूप होतं.

शेजारच्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मघाशीच गेले सगळे, कुठे ते सांगितलं नाही. ओसरीवर शेंगांची टरफलं तशीच पडली होती. मी त्या कुलपाकडे बघत उभी राहिले. मोठ्या आईच्या माहेरी गेले असतील, असं मनात आलं. आवतण आलं तरी यायचं नाही, हे सांगायचा तोही एक मार्ग असतो. बाबांनी पाच माणसांची कणीक जास्त भिजवली होती. आता त्यांना जाऊन काय सांगायचं? वावराकडे निघाले ती अर्ध्या वाटेनंतर पळतच सुटले.

लांबून धूर दिसला. धुऱ्याजवळ, बोअरच्या शेजारी, दोन माणसं उकिडवी बसली होती. एक बाबा. दुसरे मोठे बाबा. बोलणं म्हणावं असं काही चाललं नव्हतं. मी जवळ पोचले तेव्हा मोठे बाबा काडीने विस्तव सारखा करत म्हणाले, "हिकडची गवरी वल्ली हाये." बाबा म्हणाले, "हाव." आणि ती गोवरी काढून त्यांनी बाजूला ठेवली. माझी चुलत बहीण बोअरवर घागर भरत होती, तिचे दोघे भाऊ कडुनिंबाखाली ताडपत्री अंथरत होते. पाचही जण होते. मोठी आई माझ्या आईशेजारी बसून रोडग्यांवरची राख झटकत होती आणि वांग्यात मीठ कमी आहे म्हणून तिच्याशी वाद घालत होती.

मला धाप लागली होती. मी म्हटलं, "मोठी आई, मी बोलवाले गेलती. कुलूप होतं दाराले."

तिने मान वर केली नाही. गरम रोडगा या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "मांगच्या खेपेले लय वाट पाह्यली व पोरी. ह्या खेपेले नाई पाह्यली."